लेकरांच्या रेतीलाही निंदण लागते

तुमच्या गावात सध्या एखादे घर बांधायला निघाले असेल तर संध्याकाळी जरा तिकडून चक्कर मारून या. पायाजवळ रेतीचा ढीग पडलेला असेल आणि त्या ढिगावर गल्लीतली झाडून सारी लेकरे जमलेली असतील. कोणी पाय खुपसून वरून ओली रेती थापते आहे आणि अलगद पाय काढून खोपा करते आहे, कोणी काडेपेटीच्या खोक्याची बैलगाडी हाकते आहे, कोणी नुसतेच मूठ भरून दुसऱ्याच्या डोक्यावर ओतते आहे. दिवेलागणीला लेकरे घरी जातात. मग त्याच ढिगावर कुत्री येऊन निजतात आणि मांजरे आपले काम उरकून वर नीट रेती लोटून निघून जातात. सकाळी पुन्हा लेकरे हजर. ह्या दोन पाळ्या आपण मोठी माणसे कधी एकत्र पाहत नाही, म्हणून आपल्याला त्यात काही वावगे दिसत नाही.

मलाही दिसले नव्हते. उलट मी त्या रेतीची बाजू घेऊन सुनेशी भांडले होते. तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

मलकापूर तालुक्यात पूर्णेच्या अंगाला आमचे गाव. दोन वर्षांपूर्वी आम्ही जुन्या मातीच्या घराला लागून दोन पक्क्या खोल्या काढल्या. चैत्रात रेती आली, भिंती चौकटीवर आल्या, आणि हातातला पैसा संपला. पुढचे काम कापूस विकल्यावर, असे ठरले. मृग लागला. रेती तशीच निंबाच्या झाडाखाली पडून राहिली, आणि आमच्या चार वर्षांच्या नातीला जणू जहागीर मिळाली. मला बरेच वाटले. चिखलात खेळलेले लेकरू घासून काढावे लागते, रेतीतले नुसते झटकले की झाले! शिवाय पोर डोळ्यांसमोर राहते, रस्त्यावर जात नाही.

आता आमच्या मांजराचे सांगते. ज्वारी-गव्हाच्या खोलीत उंदरांनी उच्छाद मांडला होता, म्हणून मी ते बोटभर असल्यापासून दूध घालून वाढवलेले. सून एकदोनदा म्हणाली, "आत्याबाई, मांजर रेतीत घाण करते. पोरीला तिथे बसू देऊ नका." मी तिला उडवूनच लावले. म्हटले, "ते बिचारे झाकून तरी जाते. कुत्र्यासारखे उघड्यावर तर टाकत नाही." झाकले म्हणजे गेले, एवढेच माझे ज्ञान. सून काही बोलली नाही. पण रोज सकाळी पोर उठायच्या आत ती करवंटीने ती घाण उचलून टाकायची, हे मला फार पुढे कळले.

पोळ्याच्या सुमारास नातीच्या तळपायाला खाज सुटली. अंगठ्याच्या मागे एक बारीक लाल रेघ उमटली होती. मी नायटा समजून आधी हळद-तेल लावले, मग निंबाच्या पाल्याचे पाणी. दुसऱ्या दिवशी रेघ वीतभर नाही, पण बोटाच्या अर्ध्या पेराने पुढे सरकलेली. तिसऱ्या दिवशी तिने वळण घेतले. कातडीखालून कोणी लाल दोरा ओवत चालले आहे असे दिसे. रात्री पोर खाजवून खाजवून रडायची. मग तिला घेऊन मलकापूरला गेलो. सूनही सोबत होती. तिला पाचवा महिना लागला होता.

डॉक्टरांनी पाय पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो औषधपाण्याचा नव्हे. म्हणाले, "आजी, पोरगी खेळते कुठे?"

"रेतीत."

"आणि मांजर-कुत्रे?"

मी गप्प झाले.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. कुत्र्या-मांजरांच्या पोटात आकडीकृमी म्हणून एक बारीक जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. रेती ओलसर, सावलीतली आणि उबदार असली की एकदोन दिवसांत अंड्यातून अळी निघते आणि साधारण आठवड्याभरात ती कातडीत शिरण्याजोगी होते. लेकराचा अनवाणी पाय पडला की ती आत शिरते. पण माणूस हे काही तिचे खरे घर नव्हे. तिला आत पुढची वाट सापडत नाही, म्हणून ती कातडीखालीच भटकत राहते. तीच ती लाल रेघ. औषधाने हे लवकर बरे होते, घाबरण्यासारखे नव्हते. माझा जीव खाली बसतो न बसतो तोच डॉक्टरांनी सुनेकडे पाहून विचारले, "मांजराची घाण कोण काढते?"

"मीच," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा बदलला. काही मांजरांच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक अतिसूक्ष्म जंतू बाहेर पडतो. धडधाकट माणसाला तो बहुतेक वेळा काही करत नाही. आला-गेला कळतही नाही. पण गरोदर बाईला त्याची बाधा पहिल्यांदाच झाली, तर ती पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकते. गर्भ पडू शकतो, बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. रक्त तपासायला दिले. अहवाल चार दिवसांनी येणार होता.

ते चार दिवस कसे काढले ते माझे मला माहीत. सून काही बोलली असती, भांडली असती, तर बरे वाटले असते. ती नेहमीसारखी भाकरी थापत होती. मी चार दिवस मांजराला दूध घातले नाही. आता हसू येते, त्या मुक्या जीवाचा काय दोष!

अहवाल चांगला आला. बाधा नव्हती. मी देवापुढे साखर ठेवली. पण डॉक्टर म्हणाले, "बाधा नाही याचा अर्थ अजून झालेली नाही, पुढे होऊ शकते. म्हणून बाळंतपण होईपर्यंत हिने त्या घाणीला हात लावायचा नाही. मातीत काम केले की साबणाने हात, भाजी धुऊन, मांस खात असाल तर पूर्ण शिजवून." त्या दिवसापासून करवंटी माझ्या हातात आली.

घरात ठराव झाला की रेती बंद. मुलगा म्हणाला, ताडपत्रीने बांधून टाकतो. नात दोन दिवस त्या ताडपत्रीभोवती हिंडली. मग तिने काय करावे? गोठ्यामागे सांडपाणी वाहते त्या कडेची माती उकरून तिथे खोपे करायला बसली! तेव्हा मला कळले की रेती बंद केल्याने खेळ बंद होत नाही. तो आणखी घाण जागी जातो.

आणि खेळ बंद करावा तरी का? लेकरांसाठी मुद्दाम रेती टाकण्याची कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १८८५ साली गरीब वस्तीतल्या मुलांसाठी एका प्रार्थनामंदिराच्या आवारात रेतीचा ढीग टाकला गेला. मेरी झाक्शेव्स्का नावाच्या एका बाई डॉक्टरने बर्लिनच्या बागांत तसे ढीग पाहिले होते, त्यांनी ते सुचवले. आणि ते केले कोणी, तर आरोग्य-स्वच्छतेचे काम करणाऱ्या संस्थेने. म्हणजे स्वच्छतेचा ध्यास असलेल्या माणसांनीच लेकरांना रेती आणून दिली. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला, आणि पुढे कोसबाडला, खेड्यातल्या लेकरांसाठी बालवाड्या चालवल्या. विकतच्या महागड्या साधनांऐवजी आसपासच्या फुकटच्या वस्तूंवर त्यांचा भर, आणि लेकरांची स्वच्छता हा शिक्षणाचाच भाग. दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात हे त्या बायांनी करून दाखवले आहे. मग आपल्या एका अंगणाला काय अवघड आहे?

डॉक्टरांकडे पट्टी बघायला पुन्हा गेले तेव्हा मी खोदून खोदून विचारले. त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट मला उमगली. तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे, नीट ऐका. ताजी घाण त्याच दिवशी हे रोग देत नाही. तिला पिकायला वेळ लागतो. मांजराच्या त्या टोक्सोप्लाझ्माला बाहेर पडल्यावर बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. आकडीकृमीला आठवडा. कुत्र्या-मांजराच्या पोटातले जे लांब गोल जंत, त्यांच्या अंड्यांना दोन आठवडे आणि वर. पण एकदा पिकले की मात्र खैर नाही. हे गोल जंत आणि तो टोक्सोप्लाझ्मा ओलसर मातीत वर्षभर आणि त्याहून जास्त तग धरतात, ब्लीचिंग पावडरलाही दाद देत नाहीत.

हे ऐकले आणि मला आमचे वावर आठवले. तण दोन पानांवर असताना निंदले तर एका बाईचे काम. तेच फुलावर येऊन बी सांडले की पुढची सात वर्षे निंदत बसा. रेतीचेही तसेच आहे. रोज सकाळी पाच मिनिटे पाहून घाण काढली, तर ती पिकतच नाही. मग औषध नको, पावडर नको.

पावडरीवरून आठवले. आमच्या तरुणपणी मुंग्या झाल्या, किडे दिसले की अंगणात सरळ बीएचसीची पावडर फेकायचे. मीही फेकली आहे, आणि त्याच अंगणात माझी लेकरे रांगली आहेत. १९९७ साली सरकारने त्या पावडरीवर बंदी घातली. आजही कोणी रेतीत कीटकनाशक मारून 'जंतू मेले' म्हणत असेल, तर त्याला हात जोडून थांबवा. जंताच्या अंड्याला त्याने काही होत नाही, ते विष लेकराच्या बोटाने तोंडात मात्र जाते. फवारणीचा पंपही रेतीजवळ धुऊ नये, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

दिवाळीनंतर मुलाने हौसेने खड्डा केला. चार बाय चार, फूटभर खोल, आणि बांधकामातून उरलेली रेती त्यात ओतली. आम्ही सगळे खूश. फाल्गुनात अवकाळी पाऊस आला आणि त्या खड्ड्याची डबकी झाली. आमची काळी जमीन. एकदा पाणी धरले की सोडायचे नाव नाही. आठ दिवसांनी रेती काळी पडली, वास मारू लागली, वर डास. सगळी उपसून टाकावी लागली. म्हणून तुम्हाला सांगते, काळ्या जमिनीत खड्डा करू नका, रेती वर उचलून घ्या.

अक्षयतृतीयेला आम्ही दुसऱ्यांदा केले ते असे. निंबापासून जरा दूर, जिथे सकाळचे ऊन दुपारपर्यंत लागते आणि नंतर घराची सावली येते, अशी जागा धरली. वळचणीचे पाणी पडणार नाही, गोठा आणि मोरी दूर राहील, हे पाहिले. पाच बाय पाच फूट जागेतली वरची माती काढून तळाला मुरूम आणि गिट्टी भरली. त्यावर सरकीच्या ढेपेची रिकामी पोती उसवून, धुऊन अंथरली. त्यातून पाणी खाली जाते, पण काळी माती वर येत नाही. खताची किंवा औषधाची पोती घेऊ नका. भोवती उरलेल्या विटांचा फूटभर कठडा घातला आणि बुडाशी दोनचार ठिकाणी फटी ठेवल्या. त्यात फूटभर रेती म्हणजे पंचवीस घनफूट, पाव ब्रास झाली. एवढ्यात चार लेकरे मजेत खेळतात. शेजारच्यांनी ट्रॅक्टरचे जुने टायर आडवे टाकून त्यात रेती भरली आहे, तेही चांगले. पण टायरच्या पोकळीत पाणी साचते आणि त्यात डेंग्यूचे डास होतात, म्हणून त्याची वरची बाजू कापून घ्यावी आणि खाली भोके पाडावीत.

रेती आणली ती नदीची आहे म्हणून शुद्ध, असे समजू नका. नदीकाठी माणसे बसतात, जनावरे उतरतात. आम्ही ती गवंड्याच्या चाळणीतून काढली, घमेल्यात पाणी गढूळ यायचे थांबेपर्यंत धुतली आणि पत्र्यावर चार बोटे जाडीची पसरून वैशाखाचे ऊन दिले. आपल्याकडचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, दुपारी त्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. रोज दोनदा खालीवर केली, असे आठ-दहा दिवस. आकडीकृमीची अळी कोरड्या उन्हात टिकत नाही. जंताची अंडी जास्त चिवट. पातळ थरात, कडक उन्हात त्यांची संख्या घटते, पण नुसते ढिगाला वरून ऊन लागून आतले काही मरत नाही.

मग झाकण. हेच खरे काम. मुलाने बांबूची चौकट करून तिला नायलॉनची जाळी ताणून बसवली. बोट जेमतेम जाईल एवढेच भोक. संध्याकाळी लेकरे उठली की चौकट ठेवायची आणि चार कोपऱ्यांवर विटा. वारा लागतो, रेती सुकते, मांजर मात्र आत बसू शकत नाही. कोंबड्यांचाही त्रास गेला. त्यांना रेतीत लोळायची भारी हौस आणि लोळता लोळता शिटायचीही. पाऊस आला तर जाळीवर ताडपत्री, उघडला की लगेच काढायची. ओली रेती दिवसच्या दिवस ताडपत्रीखाली कोंडली तर कुजट होते. आमच्या शेजारच्या काकूंनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणाल्या, "काहून वो माय, रेतीले मच्छरदानी लावली?" गावात आठ दिवस तीच गंमत चालली होती. आता दोन घरी तशाच मच्छरदाण्या आहेत.

मांजराला मी घालवले नाही. उंदीर कोण धरणार? गोठ्याच्या मागे एका जुन्या घमेल्यात राख आणि भुसभुशीत माती ठेवली. मांजराला मऊ जागा हवी असते. रेतीवर जाळी आली तसे आठवड्याभरात ते तिकडे वळले. ते घमेले मी रोज साफ करते, हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवून, आणि घाण खोल पुरते. भाजीच्या वाफ्यात मुळीच टाकत नाही. रेतीत कधी काही सापडलेच तर नुसती घाण उचलून भागत नाही. भोवतालची वीतभर रेतीही खुरप्याने काढून टाकते. आठवड्यातून एकदा दाताळ्याने सगळी रेती तळापासून उलटीपालटी करते. त्यात काचा, खिळे, पाला काय काय निघते! एकदा विंचूही निघाला होता. दर अक्षयतृतीयेला जुनी रेती काढून जोत्याच्या भरावात टाकायची आणि नवी भरायची, असा नेम ठरवला आहे.

लेकरांचेही काही नियम आहेत. रांगत्या लेकराला चड्डी घातल्याशिवाय रेतीत सोडायचे नाही. माणसाच्या पोटातला गोल जंत तर फारच दांडगा; त्याची एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते, आणि एका लेकराने रेतीत केलेली घाण दहांच्या नखांत जाते. खेळून आले की साबणाने हात, मगच भाकरीचा तुकडा. नखे रविवारी मी कापते. एखादे पोर रेती किंवा माती सारखे खात असेल तर त्याला मारू नका, दवाखान्यात न्या; रक्त कमी असल्याचे ते लक्षण असू शकते. अंगणवाडीत आणि शाळेत जंताची गोळी देतात, २०१५ पासून त्यासाठी दिवसच ठरवलेला आहे, एक ते एकोणीस वर्षांच्या लेकरांसाठी. ती चुकवू नका. पण गोळी खाल्ली म्हणून रेतीकडे दुर्लक्ष केले, तर दोन महिन्यांनी पुन्हा तेच.

नातीचा पाय तेव्हाच बरा झाला. सकाळी जाळी उचलताना तीच आधी वाकून पाहते आणि मला ओरडून सांगते, "आजी, आज काही नाही!" क्वचित "आहे, आहे!" असेही ओरडते, आणि त्या दिवशी तिला जास्त आनंद होतो, असे मला वाटते.

सून पौषात बाळंत झाली. मुलगा झाला. डॉक्टरांनी डोळे, डोके सगळे तपासून पाहिले, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याजवळ रडली. आता तो दुडदुडू लागला आहे आणि बहिणीचे खोपे मोडणे हा त्याचा उद्योग. यंदाच्या अक्षयतृतीयेसाठी नवी रेती पाहायची आहे. मुलगा म्हणतो, रेतीचे भाव कुठल्या कुठे गेलेत आणि मिळतही नाही. मी म्हटले, मला पूर्ण ब्रास कुठे हवी आहे, पावच हवी. वरच्या गल्लीत एकाचे घरकुल चालले आहे, त्याच्याकडे उद्या जाऊन येते. त्याच्या ढिगावर गल्लीतली लेकरे बसतात तेही एकदा त्याच्या बायकोच्या कानावर घालीन.